चौकातलं घर मीच मागितलं

आजवर मला इचारून कुनी काय दिलं आसंल तर ते एकदाच. गिरनीत चुलत्यानं न इचारता चिकटवलं, लगीन आईनं न इचारता लावलं, शाळेत तर बापानं न इचारताच घातलं न्हाय. आन् ज्या एका टायमाला एक सायेब म्हनला, "बोल, तुला कुठं राहायचंय?" तवा मी माज्या हातानं आसं घर निवडलं, की तुरुंगातला कैदी बगून म्हनला आसता, आपलं बरं हाय बाबा.

दुष्काळ सरल्यावर सोलापूरच्या भायेर माळावर वरच्या शिक्षनाचं लई मोठं आवार उभं राहिलं. माळ म्हंजी निस्ता धोंडा आन् बाभळ. जागेला तोटा न्हाय म्हनून नकाशा काडनाऱ्यानं इमारती आशा लांब लांब टाकल्या, की हापिसातनं निगालेला शिपाई लायब्ररीत पोचूस्तवर सायेब तो कागद इसरून जायाचा. मी तितं शिपाई म्हनून लागलो. मला वाचता येत न्हाय हे सायबाला पयल्याच दिशी सांगितलं. त्यो म्हनला, "उत्तम. म्हणजे आमचे कागद वाचत बसणार नाहीस."

तवा आमी गावात मागवाल्यांच्या बोळात राहायचो. एका भिंतीला ह्यो माग, दुसऱ्या भिंतीला त्यो माग, मदी आमची खोली. खोलीला खिडकी न्हाय. माजी बायको करकंबची, मोकळ्या रानात वाडलेली. तिचं मागनं लई न्हवतं. एक म्हंजी दारातनं आबाळ दिसावं. आन् दुसरं, पंचमीला भाऊ न्यायला आला की तिला जाऊ द्यावं. ह्ये दुसरं तर लग्नातच ठरल्यालं. सासूबाईनं हळदीच्या हातानं माजा हात धरला आन् म्हनल्या, "जावाय, दिवाळीला धाडू नका, संक्रांतीला धाडू नका, पर पंचमीचा झोका चुकवू नका." मी म्हनलं, "झोकाच न्हवं का? धाडतो की." सोपं वाटलं.

आवारात शिपायांची घरं एका रांगेत न्हवती. एकेका इमारतीच्या अंगाला एकेक दोन खोल्यांचं घर, राखनीसाटी. मी लौकर लागलेला, म्हनून ओव्हरसियर सायेब म्हनला, "रिकामी आहेत बरीच. फिरून बघ आणि सांग."

फिरवायला पंपावरचा मानूस संगं दिला. लांब दाढी, डोईला टोपी, बायको मागंच वारल्याली, पोरं भावाकडं. पंप आवाराच्या पार तळाला, हिरीपाशी. तितं दिवसभर मोटर सोडली तर बोलायला कुनी न्हाय. त्यामुळं मानूस घावला की त्यो त्याला सोडायचा न्हाय. वाटंनं त्यानं मला हितला कायदा सांगितला.

"देखो मियाँ," म्हनला, "कागद पे हुद्दा लिखते, उसका कुछ नै. यां जो जिसके बाजू रैता, वो उसका नौकर. मैं माली के काम पे आया था. पंप के बाजू घर दिये, पंपवाला हो गया. आजतलक एक झाड कू पानी नै डाला मैं."

"मंग झाडाला पानी कोन घालतं?"

"झाड के बाजू कौन रैता? कोई नै. झाड मर गये."

मला ते पटलं. मी सावध झालो, आन् सावध झालो तितंच घात झाला.

पयलं घर पोरांच्या होस्टेलला लागून. घर झकास, पर त्यो म्हनला, "ह्यां पोट्टे सुई मंगने आते, कांदा मंगने आते, बीमार पडे तो तेरीच बीवी खिचडी पकाती." दुसरं घर प्रयोगशाळेच्या मागं. तितल्या आदुगरच्या शिपायाला मास्तर लोकांनी बेडूक धरायला लावलं व्हतं. आता सोलापुरात मानसाला पानी मिळंना, बेडूक कुटनं आनायचा? बिचारा हिप्परग्याच्या तळ्यावर पिशवी घिऊन बसायचा, आन् बेडकाच्या काळजीनं नोकरी सोडून गेला म्हनं. तिसरं पावन्यांच्या बंगल्यापाशी. मोटं सायेब लोक यायचं, त्यांना आंगुळीचं पानी, पान, चा, पायजम्याची नाडी. तितं मी पायच ठिवला न्हाय.

मंग आला चौक. आवाराच्या बरोबर मदी समद्या वाटा येकत्र व्हायच्या, तितं ठेकेदारानं शिमिट ठिवायला बांधल्याली खोली व्हती. मागनं तिला दुसरी खोली जोडून, चुना मारून घर केल्यालं. मी मदी हुबा राहून चारी बाजूला बगितलं. होस्टेल लांब. प्रयोगशाळा लांब. बंगला लांब. म्हनलं, आरं, ह्यो कायदा आसा हाय का, जो ज्याच्या बाजूला त्याचा चाकर? मग मी कुनाच्याच बाजूला न्हाय! मी कुनाचाच चाकर न्हाय!

पंपवाला चौकाकडं बगून म्हनला, "वा! क्या रौनक की जगा है. मेरे कू मिलती तो मैं छोडता नै."

मला वाटलं, ह्येच्या तोंडाला पानी सुटलं म्हंजी घर लई भारी. पळत हापिसात गेलो. ओव्हरसियर सायबाला म्हनलं, "सायेब, चौकातलं द्या."

सायेब खुर्चीतनं आर्धा उटला. "चौकातलं? तू स्वतः मागतोयस?"

"व्हय की."

त्यानं किल्ली आशी काडली, जनू ती कवापास्नं त्याच्या हाताला चावत व्हती.

बायकोला मी घर दावलं न्हाय. तवा बायकूला दावून घर कोन घेत व्हतं? ट्रंक आन् भांडी घिऊन हातगाडीवरनं आलो. ती दारात हुबी राहिली. आबाळ दिसत व्हतं, आगदी भरपूर. त्याच्या खाली समद्या वाटंनं मानसं येत व्हती आन् जाताना आमच्या घरात डोकावत व्हती. एक मास्तर तर सायकलवरनं म्हनला, "नवीन का?"

बायको म्हनली, "अवं, ह्ये घर हाय का यष्टी स्टँड?"

"हवा बग कशी येती," मी म्हनलं.

"हवाच येती का, समदेच येत्यात."

दुसऱ्या दिशी संध्याकाळी लायब्ररीचा मानूस आला. त्यो गावात राहायचा. म्हनला, "मामा, तुमी वाटंवरच हाय. एवढी चावी राहू द्या, सकाळी न्हेतो." मी म्हनलं, राहू द्या. चावीला काय खायाला लागतंय? त्याच्या मागनं मेसच्या कोठीची चावी आली. मंग प्रयोगशाळेची. मंग वर्गांची, पावन्यांच्या बंगल्याची, सायकलींच्या शेडची. गावाकडनं येनारा-जानारा जो तो चौकातनंच जायाचा, आन् आमच्या खिळ्याला चावी अडकवून मोकळा व्हायचा. म्हैन्याभरात भिंतीला आसं लोखंड लटकलं, की वारं सुटलं की घर बैलगाडीवानी वाजायचं. मंग ओव्हरसियर सायबानं हुकूमच केला, चाव्या चौकातच ठेवाव्यात.

हितपातूर लोकांनी मला अडकवलं. पुढचं मी माजं मी केलं. चाव्यांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या व्हत्या, इंग्रजीत लिवलेल्या. मला त्या सगळ्या सारक्याच. एकदा मी बॉटनीच्या मास्तराला मेसची चावी दिली, आन् मेसवाल्याला बॉटनीची. मेसवाला आत जाऊन वाळल्याला पाला बगून माघारी आला. म्हनून मी डोकं लढवलं. मागवाल्यांच्या बोळातनं चादरीच्या सुताचं रंगीत तुटकं तुकडं आनलं. मेसला पिवळं, लायब्ररीला लाल, प्रयोगशाळेला हिरवं, बंगल्याला जांबळं, दुरंगी, तिरंगी, कुटं एक गाठ, कुटं जोड गाठ. आन् त्या चिठ्ठ्या कापून चुलीत घातल्या. लई शान वाटली. मास्तर लोकबी म्हनलं, "वा रे पठ्ठ्या!" मी फुगलो.

बायको चुलीत बगत म्हनली, "आता ह्या समद्या चाव्या तुमच्या-माज्याबिगर कुना एकाला वळकायला यायच्या न्हाईत."

"तेच की!" मी म्हनलं.

"तेच म्हनते मी."

मला त्यातला फरक कळायला लई दिस लागलं.

आता सांगतो, राहायचं कसं चालू झालं. मी हापिसात शिपाई, म्हंजी मी दिसभर भायेर. चाव्यांपाशी घरात कुनीतरी पायजेच, म्हंजी बायको आत. मी घरी आलो की ती हिरीवर, नळावर, वान्याकडं जायाची. ती आली की मी. एक दारात आसला की दुसरा भायेर, दोगं संगं घराभायेर कदी पडलोच न्हाय. शिनेमाला जायाचं म्हनलं तर एकजन जायाचा आन् येऊन दुसऱ्याला इष्टोरी सांगायचा. लायब्ररीपास्नं मेसपातूर समद्या इमारतींच्या चाव्या आमच्याकडं, आन् आमच्या सोताच्या दाराला कुलूप लावायची सोय न्हाय. ती केस इंचरायला बसली की खिडकीतनं आवाज यायचा, "काकू, हिरवी द्या." जेवायला बसली की, "वैनी, पिवळी." तिला नावच राहिलं न्हाय. ती चौकातली.

पयल्या वर्साची पंचमी आली. तिचा भाऊ फेटा बांधून, लाह्यांचं गाठोडं घिऊन न्यायला आला. त्याच दिसांत परीक्षा. मी ओव्हरसियर सायबाकडं गेलो, म्हनलं, "सायेब, मंडळी माहेरला जाती, मला घरी बसाया सुट्टी द्या." सायेब म्हनला, "परीक्षेत शिपायाला सुट्टी? आणि चाव्या?" माघारी आलो आन् दारात हुबा राहिलो. तोंड उघडायची गरजच पडली न्हाय. तिनं भावाला जेवू घातलं. म्हनली, "दादा, आईला सांग, औंदा जमत न्हाय." भाऊ माज्याकडं बगत म्हनला, "दाजी, तुमी नोकरीला हाय का गहान हाय?"

मी हासलो. हासन्याबिगर मला दुसरं काय येतच न्हवतं.

मुराळी रिकामा माघारी गेला. बायको आठ दिस चांगली बोलली न्हाय. चावी मागायला आल्याल्यांशी बोलायची, माज्याशी न्हाय. मी म्हनलं, "मलाबी पिवळी द्या की." तरी न्हाय.

दुसऱ्या वर्सी तिनं इचारलंच न्हाय. भाऊ सकाळच्या गाडीनं आला, तिचं गाठोडं आदीच बांधून तयार. चुलीवर माज्यासाटी भाकरी झाकून ठिवल्याली. म्हनली, "मी चालले. पंचमी झाल्यावर न्यायला या."

"मी कसा येऊ? चाव्या?"

"ते मला म्हाईत न्हाय. नवऱ्यानं न्यायला यावं लागतं. तुमी आला न्हाय तर मी येनार न्हाय. दादाच्या संगंबी न्हाय, एकटी तर न्हायच न्हाय."

"आन् म्या न्हायच आलो तर?"

"तर समजा की भिंतीला चाव्या हायेत, तेवढ्यावर संसार करा."

ती गेली. हापिसात मी आजारपनाचं सोंग केलं आन् घरात बसलो. तवा मला कळलं ती वर्सभर कशी बसली व्हती ते. दार उघडं, समदं जग दारात, आन् उंबऱ्याच्या पलीकडं पाय टाकायचा न्हाय. पंचमी झाली. पौर्निमा जवळ आली. करकंबास्नं सांगावा न्हाय.

मी चाव्या कुनाच्यातरी गळ्यात घालायला निगालो. लायब्ररीचा मानूस म्हनला, "मामा, मी गावात राहतो." मेसवाला म्हनला, "एक म्हैन्यासाटी ठिवल्या तर जलमभर राहत्यात, मला ठावं हाय." सायबाचा डायवर तर मला येताना बगून गाडीच्या खाली घुसला, काय बिघडलं न्हवतं तरीबी. समद्यांना कायदा पाठ व्हता. उलटा कळला तो मलाच.

शेवटी रैवारी सकाळी मी आसा इचार केला: चाव्या आपल्या ताब्यात दिल्यात. मंग आपन जितं जाऊ तितं त्या आल्या पायजेत. ह्यात कुनाची चूक न्हाय. आन् रैवारी कुनाला काय लागतंय? समद्या चाव्या भिंतीवरनं काडल्या, कापडी पिशवीत भरल्या आन् पंढरपूरच्या यष्टीत बसलो. तितनं गाडी बदलून करकंब. पिशवी मांडीवर. खड्डा आला की खळ्ळ. कंडक्टर म्हनला, "काय ओ, लगेज हाय काय? भंगार?"

"न्हाय, इद्यापीठ हाय," मी म्हनलं.

त्यानं माज्याकडं नीट बगितलं आन् पुढं गेला.

सासुरवाडीला पोचलो तर बायको अंगनात शेंगा फोडत बसल्याली. मला बगून तिचं तोंड उजळलं. मी आल्याचा आनंद तिला झाला, ह्ये मी शपतंवर सांगतो, पर तो लई टिकला न्हाय. मी पिशवी भुईवर ठिवली. खळ्ळ.

मेव्हना म्हनला, "दाजी, घुंगरं आनली व्हय? नाचनार का काय?"

बायकोनं पिशवीचं तोंड उघडलं. आत हात घातला आन् पिवळं सूत वर काडलं. "अवं," म्हनली, "ही मेसच्या कोठीची."

"व्हय. समद्याच आनल्यात. एकबी इसरलो न्हाय."

"आज रैवार. आज पोरांना गोड आसतंय. कोठी बंद. समदी पोरं उपाशी बसली आसत्याल!"

ह्ये मला सुचलं न्हवतं. तिनं सुपातल्या शेंगा तशाच टाकल्या, आईच्या पाया पडली, लुगडं बी बदललं न्हाय. "चला," म्हनली. एवढ्या लांब मी तिला न्यायला गेलो, आन् ती निगाली ती पोरांच्या भातासाटी. माजं काय, मी आपला पिशवी उचलायला.

आवारात शिरलो तवा ऊन कलत व्हतं. चौकात जत्रा भरल्याली. होस्टेलची पोरं रिकामी ताटं बडवत व्हती. पावन्यांच्या बंगल्याला कुनी मोटा पावना आल्ता, त्यो आमच्याच ओट्यावर आपल्या वळकटीवर बसल्याला. ओव्हरसियर सायेब घामानं भिजून, सळई घिऊन आमचंच दार उचकटत व्हता. ते उघडंच व्हतं.

"कुठं होतास रे?" त्यो वरडला. "चाव्या कुठायत?"

"करकंबला, सायेब. आत्ता आल्यात."

पोरं हासली. सायेब न्हाय हासला. मी पिशवी पुढं केली, पर बायकोनं ती मदीच माज्या हातातनं घेतली. पिवळी काडून मेसवाल्याला दिली, "पळा आदी." जांबळी पावन्याला दिली, पदर सावरून, "आत बसा म्हनायचं सोडून भायेर बसवून ठिवलं, माफ करा." आन् मंग पिशवी वटीत घिऊन ती बाभळीच्या बुडात बसली. घरात गेलीच न्हाय.

"बाई, बाकीच्या चाव्या द्या," सायेब म्हनला.

"दिते की. पर ह्या घरात मी आता पाय ठिवनार न्हाय. दुसरं घर द्या."

"घर काय असं मागून मिळतं?"

"मागूनच मिळालं व्हतं की हे. त्यांनी मागितलं, तुमी दिलं. आता मी मागते."

सायेब माज्याकडं बगायला लागला. म्हंजी बायकोला आवर. मी बाभळीकडं बगायला लागलो.

"मुकाट्यानं चाव्या दे, नाहीतर नोकरीवरनं काढीन," त्यो मला म्हनला.

"त्यांना काडा," बायको म्हनली, "पर ह्यातली लाल कशाची आन् हिरवी कशाची, तेवढं त्यांच्याकडनं शिकून घ्या आदी."

सायबानं पिशवीत डोकावलं. तितं निस्ती सुताची गुतवळ. त्यानं हातातली सळई खाली टाकली. माज्या शानपनाचा कुनाला उपेग झाला आसंल तर तो तेवढा एकदा, आन् तोबी तिनं केला.

गर्दीतनं पंपवाला पुढं आला. रिकामी ताटं, पावना, आरडावरडा, त्याचा चेहरा ईदवानी फुललेला. "सायेब," म्हनला, "मेरे कू दे दो ना चौक. इनो पंप पे जाव. मैं तो उदर मोटर से बातां करके पागल होरौं. यां सारा दिन आदमी आते. चाव्यां मैं संबालतौं."

मला ते खरंच वाटंना. जी जागा मला खात व्हती, तिच्यासाटी ह्यो मानूस दोन वर्सं तळमळत व्हता, आन् त्यानं मला ते पयल्याच दिशी सांगितलं व्हतं.

पर बायको लगेच हो म्हनली न्हाय. ती उटली, पार हिरीपातूर चालत गेली, समदे मागं. घर बगितलं, मोटर बगितली, आबाळ बगितलं. "मोटर कोन सोडतं?" तिनं इचारलं.

"जो इदर रैता वो," पंपवाला म्हनला.

"म्हंजी ह्ये," तिनं माज्याकडं हात केला. "मला मोटर शिकवायची न्हाय. कुनीबी न्हाय शिकवायची. तुमीबी न्हाय शिकवायची," हे मला. "कबूल?"

मी कबूल केलं. त्या दिशी मी कायबी कबूल केलं आसतं. तिनं चाव्या पंपवाल्याच्या वंजळीत घातल्या आन् ओट्यावर बसून त्याला एकेक रंग सांगितला. त्याला ते एका बसनीत पाठ झालं. मला वाईट वाटलं, मला वाटलं व्हतं हे लई अवघड हाय.

पंपाच्या घरात आमी लई वर्सं राहिलो. सकाळी मोटर, दुपारी मोटर, संध्याकाळी मोटर. पट्टा तुटला की मी, लाईट गेली की वाट बगत बसनारा मी, पानी आलं न्हाय की शिव्या मला. हापिसातला शिपाई तो कागदावर. मी हिरीच्या काटावरनं हाललो न्हाय. आन् ती सकाळी आवरून दाराला कुलूप लावायची, माज्या देखत, मी भायेर मोटरीपाशी बसल्याला आसलो तरीबी, आन् बाजारात जायाची, शेजारनींकडं जायाची, होस्टेलच्या पोरांना बगून यायची.

पंचमीला भाऊ यायचा. ती जायाची. जाताना म्हनायची, "न्यायला या."

"मी कसा येऊ? मोटर?"

"तेच की," ती म्हनायची, आन् बैलगाडीला बसल्यावानी सायकलीच्या कॅरेजवर बसून भावासंगं यष्टी स्टँडाकडं निगायची. पंचमीला गेल्याली पौर्निमा झाली तरी यायची न्हाय, पोळा झाला तरी यायची न्हाय. गनपतीला यायची, ती बी तिची ती, एकटी, कुनाला न्यायला न बोलावता. मला भाकरी थापता येत न्हवती, तेवढ्या दिसांत थापाया यायला लागली. मोटरीच्या आवाजात एकट्यानं जेवताना मी हिशेब करायचो: मी घर निवडलं तवा दोगंबी अडकलो. तिनं निवडलं तवा एकच अडकला.